पहार हाय, मी नाय

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण वाचता येतं, आणि येतं म्हणजे नीट येतं. एके काळी गावात कुणाकडे कागद आला की तो आधी माझ्या ओटीवर यायचा. मी बोट ठेवून मोठ्याने वाचायचो आणि एकही अक्षर गाळायचो नाही. म्हणून नातीने फोन पुढे केला आणि म्हणाली, "आजोबा, वाचा, तुमचंच बोलणं आहे," तेव्हा मी चष्मा सदऱ्याला पुसला आणि ऐटीत फोन हातात घेतला.

पडद्यावर नुसती खोकी. लहान, मोठी, आडवी, उभी, रंगीत. पण सगळी रिकामी.

"हे माझं बोलणं?"

"थांबा, थांबा. मराठी फॉन्ट द्यायचा राहिला."

"इतके रविवार घसा फोडून बोललो, तो ह्या खोक्यांसाठी?"

आत चुलीपाशी माझी बायको हसली. मला ऐकू जाईल एवढं मोठ्याने हसली.

नात म्हणजे मोठ्या मुलाची मुलगी. मुलगा-सून आटगावला राहतात, स्टेशनजवळ, त्याला कामावर जायला सोयीचं पडतं म्हणून. पोरगी शहापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने काहीतरी करून दाखवायचं असतं. हिने ठरवलं, आपल्या आजोबांचं पान करायचं. वहीतलं पान नव्हे. कुठूनही, कुणीही, फोनवर उघडून बघावं असं पान. रविवारी ती आमच्याकडे यायची, ओटीवर माझ्यापुढे फोन ठेवायची आणि म्हणायची, "बोला. कसं जगलात ते सांगा." मी बोलायचो. फोन ऐकून त्याचं लिखाण करायचा आणि फोनने केलेल्या चुका पोरगी मागून सुधारायची. एक ताकीद मी पहिल्याच दिवशी दिली होती. मी 'नाय' म्हटलं तर 'नाय'च लिहायचं, त्याचं 'नाही' करायचं नाही. माझं बोलणं आहे, ते इस्त्री करून नको.

त्या सगळ्या बोलण्याच्या वर, पानाच्या डोक्यावर, हे चित्र बसायचं होतं. तिच्या भाषेत वर्ड क्लाउड. शब्दांचा ढग. जो शब्द माणूस जास्त वेळा बोलतो तो मोठा दिसतो, कमी वेळा बोलतो तो बारीक.

"हे तू काढतेस हाताने?"

"नाही आजोबा. त्याची लायब्ररी असते. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. आपण तो आणायचा आणि त्यात आपलं बोलणं घालायचं."

म्हणजे नांगर सुताराचा आणि शेत आपलं. मला समजलं. मी मान हलवली.

पुढच्या रविवारी तिने फॉन्ट घालून आणला. खोकी गेली आणि शब्द आले. मी बोट ठेवून वाचायला लागलो. भात. बैल. बांध. राब, म्हणजे रोपं टाकायच्या आधी आम्ही पालापाचोळा जाळून जमीन भाजतो ते. पहार. म्हैस. पाणी. सापगाव. बारक्या अक्षरात सिद्धगड. सगळं माझंच. आपण तोंडाने सोडून दिलेलं असं कुणी वेचून मांडेल, हे कधी मनात आलं नव्हतं. बरं वाटलं. पण तोंडावर दाखवलं नाही.

सगळ्यांच्या मधोमध, जाडजूड, लाल रंगात एक शब्द होता. तो मी शेवटी वाचला.

नाय.

पोरगी हसू दाबत होती. "तुम्ही सगळ्यात जास्त हाच बोललात आजोबा."

बायको पदराला हात पुसत दारात आली. तिला अक्षरओळख नाही. "काय ता? काय आलं मोठं?"

"नाय आलंय, आजी."

"बरं! ह्याला मशीन कशाला पायजे व्हती? मला इचारायचं. मी फुकट सांगितलं असतं."

"नायमुळेच ही जमीन राहिली," मी म्हणालो. "लोकांनी इकली. मी नाय म्हटलं म्हणून तू इथं बसून हसतेस."

"तर तर! जेवायला या म्हटलं तरी आधी नाय."

मी तिच्याकडे लक्ष न देता पोरीला विचारलं, 'आणि', 'मग', 'तर' हे शब्द कुठे गेले? माझ्या तोंडात दर दोन शब्दांमागे 'मग' येतो, हे मला माहीत आहे. ती म्हणाली, असले शब्द आधीच गाळायचे असतात. ते सगळ्यांच्याच बोलण्यात असतात, त्यावरून माणूस कळत नाही. त्यांची एक यादी कोडला द्यायची, की तो ते बाजूला काढतो. 'नाही' त्या यादीत होता. माझा 'नाय' तिथे कुणी घातला नव्हता, म्हणून तो सुटला.

"म्हंजे पाखडणं," मी म्हणालो. "हलकं उडवायचं, भरीव ठेवायचं."

"अगदी तेच," पोरगी म्हणाली, आणि मला पुन्हा बरं वाटलं.

बायको अजून दारातच उभी होती. मग पुढे आली, उकिडवी बसली आणि फोनकडे बघत राहिली. जशी ती बाजारात एखाद्या वस्तूकडे बघते, घ्यायची नसली तरी. "वाचून दाखव गो सगळं," ती नातीला म्हणाली. पोरीने एकेक शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवलं. भात, बैल, बांध, पहार, म्हैस. अगदी बारीक होते तेही. बायको प्रत्येकाला मान डोलवत होती. शेवटचा शब्द झाला.

"आणि मी कुठं हाय?"

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी लांबच्या सिद्धगडाच्या डोंगराकडे बघितलं.

इथे आमच्या लोकांची रीत सांगायला पाहिजे, कारण आता पोरांना ती माहीत नसते. आमच्या वेळी नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नसे आणि बायकोने नवऱ्याचं तर नाहीच नाही. लग्न करून आलो तेव्हा बहिणींनी दार अडवलं होतं, नाव घे, मग आत ये. तेव्हा घेतलं. जोडलेल्या दोन ओळी होत्या, चुलत्याने पाठ करून घेतल्या होत्या. सगळे हसले, दार मोकळं झालं आणि विषय संपला. त्यानंतर नावाची गरजच पडली नाही. 'अगो' म्हटलं की ती येते. चारचौघांत विचारायचं तर 'सापगाववाली कुठं गेली?' कारण तिचं माहेर सापगावचं. आणि तिची गोष्ट सांगायची तर 'ती'. तिने भाकर आणली, ती म्हणाली, ती नसती तर. दुसरी कोण असणार? आमच्या घरात 'ती' एकच. कुणाला कधी विचारावं लागलं नाही.

आणि 'ती' हा शब्द त्या यादीत होता. कोडने तो 'आणि'बरोबर, 'मग'बरोबर पाखडून टाकला होता.

हे पोरीने मला समजावलं. मी ते बायकोला माझ्या पद्धतीने समजावायला गेलो. चित्रातल्या 'सापगाव'वर बोट ठेवलं. "ही बघ. तूच ती."

"सापगाव म्हंजे मी?"

"मग कोण?"

"सापगावात अख्खं गाव ऱ्हातं. माजा भाऊ ऱ्हातो. त्याची तीन कुत्री ऱ्हातात. त्यांचं नाव आलंय का माजं?"

पोरीने तोंडावर हात धरला. बायको उठली. दारापर्यंत गेली आणि तिथे थांबून, आमच्याकडे न बघता बोलली.

"बैल हाय. म्हैस हाय. पहार हाय, मी नाय."

ती परसात गेली. भांडी घासल्याचा आवाज यायला लागला, आणि आमच्याकडे भांड्यांवरून कळतं.

मी पोरीला म्हटलं, "त्या यादीतून 'ती' बाहेर काढ. काय मोठं काम आहे?" तिने काढलं. ढग पुन्हा झाला आणि खरोखर, एवढा मोठा 'ती' आला की माझा 'नाय' त्याच्याखाली दबला. एवढ्या वेळा मी हिच्याविषयी बोललो होतो? मी तर शेतीविषयी बोलत होतो.

"झालं की मग! दाखव तिला."

"पण आजोबा, वाचणाऱ्याला कसं कळणार ही आजी? मी तुमचं बोलणं सगळं वाचलंय. तुम्ही म्हशीलाही ती म्हणता. नदी पण ती. मोटर बंद पडली ती पण ती."

परसातून आवाज आला. "मला म्हशीत नको घालूस!"

पोरीने मग हळूच एक मार्ग सांगितला. शब्द आणि त्याचा आकडा, एवढंच त्या कोडला लागतं. आकडा आपण हाताने लिहिला तरी त्याला कळत नाही. "आजीचं नाव टाकते आणि पुढे मोठा आकडा लिहिते. एका मिनिटात मधोमध येईल. कुणालाच समजणार नाही."

मला राग आला. पोरीवर नाही, त्या सोपेपणावर. भात मी बोललो म्हणून मोठा झाला. बैल मी बोललो म्हणून आला. आणि हिला मागच्या दाराने आत घ्यायची? ती असल्या मानाने बसायची नाही, आणि मी बसवणारही नाही.

"नाय."

"मग काय करू?"

"नाय म्हटलं ना."

त्या दुपारी बायकोने चहा आणला तो माझ्या हातात दिला नाही, ओटीच्या कडेला ठेवून गेली. जेवताना काही बोलली नाही. एरवी ती जेवताना गावातली सगळी बातमी सांगते. पोरीला मात्र आग्रह करकरून वाढत होती. संध्याकाळी पोरगी आटगावला परत जाताना तिला बायकोने हळू आवाजात सांगितलं, पण मी दाराशीच होतो. "सापगावला माजे भाचे फोनवर बघतील गो तुजं पान. म्हणतील, आमची आत्या कुठं हाय? जाऊदे. तुजं काम चांगलं झालंय. त्याच्यात काय बदलू नको."

हे 'जाऊदे' मला लागलं. ती भांडली असती तर मी भांडलो असतो.

आठवडाभर मी शेतावर एकटा असताना ते नाव तोंडात घोळवून बघितलं. हसू नका. बांधावर कुणी नाही ना, हे आधी बघायचो. पहिल्यांदा घेतलं तेव्हा आवाज माझा मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. झाडावरचा कावळासुद्धा उडाला नाही, पण मीच दचकलो.

रविवारी पोरगी आली. मी ओटीवर जागा झाडून ठेवली होती. "ठेव फोन. पहिल्यापासून सांगतो. सगळं परत."

"सगळं? आजोबा, उद्या मला दाखवायचंय."

"मग वेळ घालवू नको." आणि आत ओरडून सांगितलं, "अगो, तू जरा शेजारी जाऊन ये."

"मला काय काम नाय शेजारी," आतून उत्तर आलं. दार थोडंसं लोटलं गेलं, पूर्ण नाही.

मी सुरुवात केली. लग्न, त्यानंतरचा पहिला पावसाळा, म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली बैलजोडी. नाव यायची जागा आली. मी खाकरलो, पाणी प्यालो, आणि नाव घेतलं. दाराआड काहीतरी खाली पडलं, बहुतेक पळी. मी थांबलो नाही. पण दोन वाक्यं गेली आणि जीभ पुन्हा आपल्या वाटेला लागली. 'मग ती म्हणाली...'

"कोण ती?" पोरगी म्हणाली.

अगदी माझ्या बहिणींसारखी म्हणाली, दार अडवल्यासारखी. मी पुन्हा नाव घेतलं. पुन्हा घसरलो, पुन्हा "कोण ती?" असं करत करत बांधाच्या गोष्टीपर्यंत आलो.

खालच्या भातखाचराचा बांध फुटला होता, त्या वर्षीची गोष्ट. पहिल्यांदा सांगताना मी म्हटलं होतं, 'आमी दिवसभर पाण्यात उभे राहून बांध धरला, ती व्हती म्हणून राहिला.' आता 'ती'च्या जागी नाव घालायचं म्हणून मी ते वाक्य मनात उलगडलं, आणि मला दिसायला लागलं कोण कुठे उभं होतं. मी वर होतो, पहारीने दगड सुटे करत होतो. पाण्यात ती होती. छातीएवढ्या पाण्यात, अंगाने बांध दाबून. दगड लावणारे हात तिचे होते. पहार माझ्या हातात होती, म्हणून चित्रात पहार आली. मी नाव घेऊन तसं सांगितलं. जसं होतं तसं.

"आणि म्हशीचं सांगा," दाराआडून आवाज आला. "ता रेडकू माज्या बापाने दिलेलं. तुमी मागच्या वेळेला 'आमी म्हैस घेतली' असं ठोकलंत."

"तू ऐकत व्हतीस?"

"भिंत कुडाची हाय. कान माजे हायेत."

पोरगी इतकी हसली की फोन पडला. मी म्हटलं, "हे पण लिही." तिने लिहिलं. म्हैस तिच्या नावावर गेली. पुढे कोंबड्याही गेल्या. आंब्याचं झाड मी सोडलं नाही. ते मी लावलंय, आणि तिथे तिचं काही चालू दिलं नाही. ती आत पुटपुटत राहिली.

माझा घसा बसला तेव्हा ऊन ओटीवरून उतरलं होतं. पोरीने 'ती' परत यादीत टाकला आणि ते सगळं त्या कोडात घातलं. 'नाय' ठेवायचा की काढायचा, असं तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, तोही माझाच आहे. बायको आता बाहेर येऊन बसली होती, पण फोनकडे न बघता तांदळातले खडे वेचत होती. ताटात खडा एकही नव्हता.

ढग आला. मी चष्मा न पुसता वाचलं. मधोमध, हिरव्या रंगात, तिचं नाव. त्याच्या बाजूला, त्याच्याहून जरासा बारीक, माझा 'नाय'. भात खाली गेला होता. पहार एका कोपऱ्यात आडवी पडली होती.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. तिथे बोललो तेवढं पुरे.

"कुठलं?" बायकोने विचारलं. ताट बाजूला ठेवून पोरीचा फोन तिने दोन्ही हातांत घेतला होता. पोरीने बोट ठेवून दाखवलं. बायकोने त्या जागेवर आपलं बोट ठेवलं तर चित्र एकदम मोठं झालं, नाव पडद्याच्या बाहेर पळालं, आणि ती घाबरून म्हणाली, "मोडलं का गो?" मोडलं नव्हतं. पोरीने परत आणलं. बायको बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "येवढं मोठं कशाला? लोक काय म्हणतील."

"लोक म्हणतील तुजा नवरा बोलतो," मी म्हटलं.

"लाज नाय वाटली, पोरीच्या समोर?"

"वाटली. मग?"

त्या दिवशी चहा हातात दिला.

पोरीचं काम कॉलेजात चांगलं झालं, असं ती सांगते. पान आता आमच्या घरातल्या फोनवरही आहे. त्याची एक खोड आहे. ते उघडलं की दर वेळी ढग नव्याने मांडला जातो. शब्दांचा लहान-मोठेपणा तोच, पण जागा बदलतात आणि रंगही बदलतात. सिद्धगडावरचा ढग सकाळी बघावा आणि चहा पिऊन परत बघावा, तसं. नात म्हणाली, आजीला शोधायला त्रास होतो तर मी जागा पक्क्या करून देते, कोडात एक ओळ बदलली की झालं. मी हो म्हणणार होतो.

"नको," बायको म्हणाली. "हाय तसं ऱ्हाऊदे."

तेव्हापासून दुपारी जेवण आटोपलं की ती फोन घेऊन ओटीवर येते, माझ्या बाजूला बसते आणि तो माझ्या पुढ्यात धरते.

"हरवलं परत. कुठं गेलं, बघा."

मी बोट ठेवतो. पण नुसतं बोट ठेवलेलं तिला चालत नाही. "काय लिवलंय, ता वाचा," म्हणते. वाचणारा माणूस मी, नाही कसं म्हणणार? मी मोठ्याने वाचतो. शेजारची सून कधी कुंपणापाशी असते, ती तोंड फिरवून हसते. हसू दे.

परवा मी मुद्दाम चुकून 'म्हशी'वर बोट ठेवलं. तिने माझा हात धरला, उचलला, आणि नेमका आपल्या नावावर नेऊन ठेवला.

"हां," ती म्हणाली. "आता वाचा."